निबंध वाचून झाला, पुढे काय? एल्फिन्स्टनमधली विद्यार्थ्यांची सभा

मंडळी, एल्फिन्स्टन कॉलेज म्हटलं की आपण सहसा 1862 पासून सुरुवात करतो. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर, रानडे, भांडारकर वगैरे. मला आज त्याच्या मागे जायचंय. विद्यापीठ अजून निघालेलं नाही, संस्थेचं नाव एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आहे, आणि शाळेचे व कॉलेजचे वर्ग एकाच संस्थेत चालतात.

1848 मध्ये प्रो. पॅटन यांच्या पुढाकाराने इथे 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' निघाली. नाव लांबलचक, काम साधं. जमायचं, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. धर्म आणि राजकारण मात्र वर्ज्य. आता हे वर्ज्य का, ते समजून घ्यायला हवं. 1839 मध्ये डॉ. विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. त्यानंतर चारच वर्षांनी श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. या ब्राह्मण मुलाला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर त्यांच्यावरच काहूर उठलं. बाळशास्त्री तर याच एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे. इंग्रजी शिकलेला मुलगा हातचा जातो, ही धास्ती घराघरांत होती. सभेत धर्माची चर्चा सुरू झाली असती, तर अर्धी मुलं दुसऱ्या दिवशी घरीच बसवली गेली असती.

सभेच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग, आपले व्याकरणकार. वर्गात सगळा कारभार इंग्रजीतून. पण शिकलेलं घरच्या माणसांना सांगायचं तर आपली भाषा हवी, हे या मुलांना लवकर उमगलं.

आणि मग 1849. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. असे निबंध पुढे शंभर वर्षं वाचले गेले, त्यात नवल नाही. नवल पुढचं आहे. ही मुलं म्हणाली, आपणच शिकवू. कॉलेजच्या वेळेबाहेर, सकाळी, बिनपगारी. मुलींच्या शाळा याआधी मिशनऱ्यांनी मुंबईत काढल्या होत्या, आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनीही काढली होती. पण पुण्यात शिकवायला सावित्रीबाई होत्या. इथे शिकवणारे सगळे विशीतले पुरुष! आईबापांची अडचण तुमच्या लक्षात आली असेल.

त्यात दादाभाई नौरोजी होते, वय 24. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलंय, की ते आणि त्यांचे मित्र घरोघर फिरले. तुमच्या ओटीवर बसून मुलींना शिकवू द्या, एवढंच मागायचे. काही बापांनी जिन्यावरून खाली फेकून देऊ, अशी धमकी दिली. पोरांच्या चिकाटीचं कौतुक करावंच, पण मला त्यांच्या मागणीतला शहाणपणा जास्त मोलाचा वाटतो. मुलीला घराबाहेर पाठवा, असं ते म्हणत नव्हते. शाळाच उंबऱ्यापाशी नेत होते.

याच वर्षी मराठी आणि पारशी मुलींच्या शाळा सुरू झाल्या. अर्थात नुसत्या उत्साहावर शाळा किती दिवस चालणार? मराठी शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. पुढे डॉ. भाऊ दाजी सभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनीही हे काम उचलून धरलं. पारशी शाळांच्या खर्चाला कामा घराणं पुढे आलं, तेव्हा कुठे पगारी शिक्षक नेमता आले आणि विद्यार्थी आपापल्या अभ्यासाला मोकळे झाले.

दादाभाई एव्हाना एल्फिन्स्टनमध्येच शिकवू लागले होते. 1855 मध्ये प्राध्यापकी सोडून ते लंडनला गेले, ते याच कामांच्या पेढीत भागीदार म्हणून.