थेट द्वितीय वर्ष प्रवेश

दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात मिळणारा प्रवेश. शाळकरी वयातच पदवीचा काही भाग पदरात पाडून घेण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत रुळलेला मार्ग. नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघरसारख्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील गावांना अवसरी खुर्द येथील शासकीय तंत्रनिकेतन त्यासाठी उपलब्ध आहे. तेथेच 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे.

वर्ष वाचते, हा समज मात्र फसवा. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी मिळून सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. खरा लाभ असा, की मध्येच शिक्षण थांबले तरी हाती नोकरीयोग्य पदविका उरते. पदवीचे गणित अनेकांना जड जाते, ही या वाटेची किंमत.

अशा टप्प्याटप्प्याने होणाऱ्या शिक्षणाची नोंद ठेवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांमुळे श्रेयांक (क्रेडिट) साठवणारी शैक्षणिक बँक उभी राहिली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अभ्यासही तासांत मोजला : 30 तासांना एक श्रेयांक, वर्षाला 40.