लग्नचौकातून कुंडीवर

गेरूच्या रंगाची मातीची कुंडी, तिच्या पोटावर हात धरून नाचणारी पांढरी माणसं आणि काठाला त्रिकोणांची नक्षी. पुण्या-मुंबईच्या बहुतेक नर्सऱ्यांत ही कुंडी असते, आणि हौशी माणसं ती घरीही रंगवतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की धड झालं, वर एक गोल, खाली-वर चार रेघा. चौथीतल्या पोराला जमतं, म्हणून ते माठावर गेलं, ट्रेवर गेलं, बाल्कनीच्या भिंतीवर गेलं, उशीच्या अभ्र्यावर गेलं. घर सजवायच्या हौशीत आपल्याकडची इतकी लाडकी दुसरी लोककला नसेल. हे चित्र कुंडीपर्यंत कसं आलं याचा माग काढत निघालं की आपण डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर, एका लग्नघरात जाऊन पोचतो.

वारली आदिवासींच्या घरात लग्न निघालं की आतल्या अंधाऱ्या बाजूची एक भिंत शेणमातीने सारवून गेरूने रंगवतात. भिंत कुडाची, म्हणजे काठ्या-कारव्यांच्या विणीवर माती लिंपलेली. तांदूळ भिजवून वाटायचे, पाणी घालून पातळ करायचे. बांबूच्या काडीचं एक टोक चावून चावून मऊ केलं की कुंचला तयार. मग सवासिणी चौक लिहायला बसतात. आधी चौकोन, त्याच्या चारी कडांना नक्षीच्या पट्ट्या आणि साखळ्या, एकीत एक, दाट. मध्ये पालघट देवी. तिच्या अवतीभवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी. शेजारी लहानसा देवचौक, त्यात पाच शिरांचा पंचशिऱ्या. हे चालू असताना धवलेरी गाणी म्हणते. लग्न लावणारीही तीच, तिथे भटजीचं काम नसतं. पालघट चौकात बसल्याशिवाय लग्न लागत नाही, इतकं त्या चित्राचं वजन.

म्हणजे हे चित्र सजावटीसाठी काढलेलंच नव्हतं. काढणाऱ्या बायका, विधी चालवणारी बाई, मध्ये बसलेली देवी, सगळा कारभार बायकांचा. चित्रावर कुणाची सही नसे. लग्न उरकल्यावर ते जपायची धडपडही नसे. तांदळाचं पीठ किडा-मुंगीला आवडतं, पावसाळ्यात भिंत ओल धरते, पोपडे येतात, आणि पुढच्या कार्याला नवं सारवण पडतं.

या लग्नाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण कुंडीवरचं चित्र बघताना ती कुणाच्या ध्यानीमनी नसते. वारल्यांना लग्न परवडत नसे. नवरीच्या बापाला देज द्यायचं, गावाला जेवू घालायचं, ताडी पाजायची, त्याला पैसा कुठला? पुष्कळ जोडपी तशीच एकत्र नांदायची आणि पैसे जमले की पोरंबाळं झाल्यावर कधीतरी चौक लिहून लग्न लावायची. नाहीतर जमीनदाराकडून कर्ज काढायची. ते कर्ज फिटायचं नाही, आणि माणूस, बरेचदा त्याची बायकोसुद्धा, त्या जमीनदाराच्या घरी जन्मभर राबायचा. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, काही वारली तिथवर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात त्यांची सभा भरली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या त्या लढ्यात वेठ मोडली आणि लग्नगडीही सुटले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याचं. वारली चित्रकलेचा इतिहास सांगताना हा लढा बहुधा वगळला जातो. मला तो वगळणं पटत नाही. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जायचा, त्याच लग्नापायी माणूस विकला जायचा. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या रेघांची किंमत काय होती ते या एका गोष्टीवरून कळतं.

वारली कला हजारो वर्षांची असल्याचं विक्रीच्या चिठ्ठ्यांवर सर्रास छापतात आणि भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी तिचं नातं जोडतात. त्रिकोणी माणूस दोन्हीकडे दिसतो हे खरं. पण सारखं दिसणं म्हणजे वंशावळ नव्हे. दगडावरचं चित्र टिकतं, कुडावरचं काही वर्षांत जातं. वारली चित्र टिकलं ते हातातून हातात, सासू-सुनांच्या आणि मायलेकींच्या मार्फत. एवढा वारसा पुरेसा मोठा आहे, त्याला उसनं वय लावायची गरज नाही.

पाड्यांबाहेरच्या जगाला ही चित्रं दिसली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्याचं मोठं श्रेय भास्कर कुलकर्णी यांचं. हे मुंबईचे चित्रकार, सरकारच्या हातमाग-हस्तकलेच्या खात्यात पुपुल जयकरांच्या हाताखाली काम करणारे. १९६६-६७ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिले, ती चित्रं विकली गेली, आणि मधुबनीचं नाव देशभर झालं. तोच प्रयोग मग तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर झाला. कागद, गेरू, पांढरा रंग बायकांच्या हाती देऊन झाला.

पण इथे वेगळंच घडलं. मिथिलेत बायकांनी कागद धरला तो सोडला नाही. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवींना, गंगा देवींना मिळाली. वारल्यांत कागदावर ठळकपणे पुढे आला तो एक पुरुष. गंजाडचे जिव्या सोमा मशे. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि पोराने बोलणंच सोडलं, धुळीत बोटाने चित्रं काढून तो आपलं म्हणणं सांगायचा, अशी त्यांची हकिकत सांगतात. या माणसाने लग्न नसताना, विधी नसताना, रोज चित्र काढायला सुरुवात केली. वारली समाजात ही साधी गोष्ट नव्हती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आला, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांबरोबर ते होते, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

मशे यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र एकदा जवळून बघा. सगळा कागद त्या जाळ्याने व्यापलेला असतो, बारीक बारीक रेघांनी विणलेला. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कारण हात थरथरला तरी ती खोडलेली नाही. जाळं वाऱ्यावर फुगल्यासारखं वाटतं, आणि त्याखाली माणूस मुंगीएवढा. मोजपट्टी लावून काढलेल्या छापील नक्षीत हे येत नाही, आणि वारली म्हणून विकलं जाणारं बरंचसं सामान तिथेच मार खातं.

कागदावर येताना चित्रात एक मोठी उलथापालथ झाली. लग्नचौकात मधली जागा पालघटची, नाचणारी माणसं, झाडं, जनावरं ही भोवतालची वस्ती. विकायच्या कागदावर देवी सहसा आलीच नाही. मधली जागा रिकामी झाली आणि भोवतालची माणसं आत सरकली. तारपा नाच आपल्याला सगळ्यात ओळखीचा झाला तो असा. दुधी भोपळ्याचा तारपा फुंकणारा माणूस मध्ये, आणि त्याच्याभोवती गुंडाळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. पुढे शेत आलं, भात झोडणं आलं, विहिरीवरच्या बाया आल्या. हल्ली आगगाडी येते, मोबाईल टॉवर येतो. हा बदल मला चांगला वाटतो. कला जिवंत असली की तिच्यात आजचं जग शिरणारच. खंत दुसरी आहे. कागद विकला जाऊ लागला तसे चित्रकार म्हणून पुरुष ओळखले जाऊ लागले, आणि ज्या बायकांच्या हातून हे सगळं आलं त्यांची नावं गॅलरीच्या पाट्यांवर फार कमी लागली. आता काही वारली बाया स्वतःच्या नावाने चित्रं काढतात, विकतात. त्या नव्याने आल्या असं कुणी म्हणू नये.

कागदावरून वस्तूंवर जायला वेळ लागला नाही. भेटकार्डं, कुडते, साड्या, मग घरातल्या वस्तू. हस्तकलेच्या शिबिरांत वारली हा पहिल्या दिवसाचा धडा झाला. साचे निघाले, चिकटवायचे छापील कागद निघाले. यातलं पुष्कळसं काम पालघर जिल्ह्याबाहेर होतं आणि त्याचे पैसेही बाहेरच राहतात. म्हणून डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने खटपट केली आणि २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. या नोंदीमुळे भलत्याच मालाला वारली म्हणून विकायला कायद्याने आडकाठी येते. आपल्या घरच्या कुंडीवर आपल्या हाताने दोन त्रिकोण काढायला तिची काही ना नाही.

तेव्हा कुंडी जरूर रंगवा. भाजलेल्या मातीचा लाल रंग हे वारली चित्राला आयतंच सारवण आहे, म्हणून ते तिथे इतकं शोभतं. तांदळाचं पीठ मात्र इथे चालत नाही, पहिल्याच पाण्यात धुऊन जाईल. अॅक्रिलिक वापरा. तेही कोऱ्या कुंडीवर, झाड लावायच्या आधी. मातीची कुंडी आतून बाहेर पाझरते आणि पाण्यातले क्षार पांढरे होऊन वर येतात, त्याने रंग सुटतो. आतल्या बाजूला पाणी अडवणारा हात दिला की चित्र बरेच दिवस राहतं. रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट आत ठेवलं तर त्याहून बरं. साचा नको, हाताने काढा, रेघ वाकडी आली तर येऊ द्या. तारपा काढलात तर नाचणाऱ्यांची रांग तारपा वाजवणाऱ्याभोवती जाऊ द्या, कारण नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत.

पालघट मात्र कुंडीवर काढू नका. ती एखाद्या लग्नाची आहे, तिथेच राहू दे. आणि चित्र विकत घ्यायचं असेल तेव्हा काढणाऱ्याचं नाव विचारा. ते सांगता येत नसेल तर घेऊ नका. डहाणू स्टेशनवर उतरून गंजाडला जाता येतं, तिथे चित्रकारांची घरं आहेत. त्या घरातल्या बाईलाही विचारा, तुम्ही काढता का म्हणून.