दोष कोणत्या सालचा?

२०२० च्या मार्चनंतर आपल्या घराघरांत एक नवं वाक्य ऐकू यायला लागलं. "व्हीपीएन लागत नाहीये." पूर्वी "लाइट गेले" ज्या सुरात म्हणायचे, अगदी त्याच सुरात. मग धावपळ. कुणी राउटर बंद करून पुन्हा चालू करतंय, कुणी लॅपटॉप पोटाशी धरून घरभर हिंडतंय, कुणी हेल्पडेस्कच्या फोनवरचं संगीत ऐकत बसलंय. दोन दिवसांनी सगळं आपोआप सुरळीत होतं, आणि का बिघडलं होतं ते कुणालाच कळलेलं नसतं.

मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एक खोड लागली आहे. काही बिघडलं की "काय झालं" याच्या आधी मी "कधीपासून" असं विचारते. इथेही तेच केलं. आमचे चिरंजीव याच धंद्यातले, त्यांनी वाट दाखवली. पुढे मी एकटीच चालत गेले. महाजालाचे नियम ज्या कागदांत लिहिलेले आहेत त्यांना आरएफसी म्हणतात. पहिला कागद एप्रिल १९६९ चा. तेव्हापासूनचं सगळं दप्तर आज कुणालाही फुकट वाचता येतं! आमचे राजवाडे एकेका कागदासाठी गावोगाव पायपीट करत हिंडले... असो. इंग्रजी जड आहे, शब्दकोश जवळ लागतो. पण बखरीपेक्षा अस्सल कागद केव्हाही बरा.

वाचता वाचता लक्षात आलं की घरचं वायफाय आणि ऑफिसचं व्हीपीएन ही दोन निरनिराळी घराणी आहेत. दोघांचे मूळ पुरुष वेगळे, गरजा वेगळ्या, आणि वाढताना कुणी कुणाचा फारसा विचार केलेला नाही. आपण त्यांना एकाच खोलीत राहायला लावलं. त्यांच्यातल्या बहुतेक भांडणांना एकेक साल आहे.

बिनतारी घराण्याचा उगम हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. बेटं विखुरलेली, मधे समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून जून १९७१ मध्ये त्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं. संगणकांनी रेडिओवरून बोलायचं, आणि ज्याला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. पोच आली नाही की प्रत्येकाने आपापला थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. साठ मुलांचा वर्ग ज्यांनी सांभाळलाय त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. गणित मांडलं तर अशा कारभारात लहरीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढे "आधी ऐका, मग बोला" ही शिस्त आली. तरी "हरवणारच, हरवलं की पुन्हा पाठवू" हा मूळ स्वभाव आपल्या घरातल्या वायफायमध्ये अजून तसाच आहे.

मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही लहरी अशा बिनतारी यंत्रांसाठी विनापरवाना खुल्या केल्या. त्या लहरी म्हणजे गायरान. मायक्रोवेव्ह ओव्हन जिथे आधीपासून चरत होते तेच. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, १९९९ मध्ये त्याचा वेग सेकंदाला ११ मेगाबिट झाला आणि वायफाय हे नावही त्याच वर्षी मिळालं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झची लहर जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाली. तेव्हा स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावल्यावर बैठकीतली मीटिंग अडखळली, तर तो दोष १९८५ चा समजावा.

आता दुसरं घराणं. पूर्वी कंपन्या आपल्या दोन ऑफिसांमध्ये स्वतंत्र तार भाड्याने घेत. घरून किंवा परगावाहून काम करायचं तर मोडेमवरून थेट ऑफिसचा नंबर फिरवायचा, आणि बिल ट्रंककॉलचं! नव्वदच्या दशकात विचार निघाला की जवळच्या इंटरनेटवाल्याला स्थानिक फोन करावा आणि तिथून महाजालातूनच ऑफिसपर्यंत 'बोगदा' न्यावा. ऑगस्ट १९९५ मध्ये आयपीसेकचे पहिले कागद आले. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून पीपीटीपी आणला. त्याच्या कर्त्यांमध्ये गुरदीप सिंग पाल हे मूळचे भारतीय अभियंते आहेत. फोनचं बिल वाचवणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

बोगदा हा शब्द मात्र दिशाभूल करतो. खणलेलं काही नसतं. ऑफिसचा खलिता मोहोरबंद थैलीत घालायचा, थैलीवर नवा पत्ता घालायचा आणि ती सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्या जासुदाच्या हाती द्यायची, एवढंच. रस्ता तोच, खड्डे तेच. "व्हीपीएन स्लो आहे" म्हणताना नव्वद टक्के लोक रस्त्याविषयी बोलत असतात. (नव्वद हा माझा अंदाज, कागदात नाही.)

या दोघांच्या मधे एक तिसरा बसला आहे, आणि माझ्या मते खरा उपद्व्यापी तोच. महाजालावरचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते संपणार हे दिसायला लागल्यावर मे १९९४ मध्ये 'नॅट' नावाची युक्ती लिहून ठेवली गेली. कर्त्यांनी स्वतःच तिला तात्पुरता उपाय म्हटलं आहे. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्या शाळेतले पत्र्याचे तात्पुरते वर्ग मी निवृत्त झाले तेव्हाही उभे होते. युक्ती चाळीची आहे. पूर्ण चाळीला बाहेरून एकच पत्ता. दारावर राउटर बसलेला. कोणत्या खोलीतून कुठे पत्र गेलं ते तो वहीत टिपतो, आणि उत्तर आलं की पाकिटावरचा आकडा पाहून खोलीत पोचवतो.

मोहोरबंद थैली आली की हा दारवान गोंधळतो. आयपीसेकच्या थैलीवर खोलीचा आकडा नसतो. चाळीत एकाच खोलीत थैल्या येत असतील तर तो अंदाजाने देतो आणि अंदाज बरोबर येतो. दोन खोल्यांना एकाच ऑफिसच्या थैल्या यायला लागल्या की संपलं. "नवऱ्याने कनेक्ट केलं की माझं तुटतं" ही एकाच कंपनीत असलेल्या जोडप्यांची जुनी तक्रार खरी आहे बरं का, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही! यावरचा नीट उपाय जानेवारी २००५ मध्ये लिहिला गेला. थैली आणखी एका साध्या पाकिटात घालायची आणि त्यावर आकडा लिहायचा. शिवाय दारवानाची वही लवकर पुसली जाते, म्हणून बोलायला काही नसलं तरी दर वीस सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं. ही सोय बंद असली की माणूस चहाला उठतो आणि परत येईपर्यंत जोडणी गेलेली असते.

हे सगळं मी हौसेने वाचत होते. २०२१ मध्ये ते अचानक घरचं झालं.

माझी भाची पुण्यातल्या एका कंपनीत नव्याने लागली होती, प्रोबेशनवर. लॉकडाउनमध्ये ती संगमेश्वर तालुक्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे राहून काम करत होती. गावात तार पोचलेली नाही. फोरजीचं सिमकार्ड घातलेला राउटर माळ्यावरच्या खिडकीत ठेवलेला. जावई हॉटेलच्या धंद्यातले, त्यांचं काम बंद. म्हणजे घर हिच्याच पगारावर. व्हीपीएन लागायचं. पासवर्ड घ्यायचं. निरोपांची देवाणघेवाण व्हायची. पण मोठी फाइल उघडली की चक्र फिरत राहायचं आणि शेवटी सगळं तुटायचं. ऑफिसच्या नोंदीत ती "गैरहजर". एका महिन्यात दोन ताकीदपत्रं आली. हेल्पडेस्कने तिला राउटर किती वेळा बंद-चालू करायला लावला याची मोजदाद नाही. एका साहेबांनी तर विचारलं, गावाला आंबे काढायला गेली आहेस का?

ती मला म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलतेय असं वाटतं गं त्यांना."

बारीक निरोप जातो आणि मोठा अडतो, हे लक्षण मी कागदात वाचलेलं होतं. हा दोष दोन सालांचा मिळून आहे. १९८० मध्ये इथरनेटचा आराखडा ठरला तेव्हा एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट असा आकडा पडला, आणि पुढे सगळं जग तोच धरून चाललं. थैलीत थैली घातली की बाहेरची थैली फुगते. व्हीपीएनचं वेष्टण पन्नास-साठ-सत्तर बाइट खातं. मोबाइल कंपनीही टॉवरपासून पुढे आपलं स्वतःचं वेष्टण चढवते, म्हणजे बोगद्यात बोगदा. वाटेतल्या एखाद्या दारातून ही फुगलेली थैली जात नाही. नोव्हेंबर १९९० च्या एका कागदात यावर तोड आहे: ज्या दारावर अडेल त्या दारवानाने "लहान करून पाठवा" अशी चिठ्ठी उलट धाडायची. पण पुढे सुरक्षेच्या धाकाने पुष्कळ ठिकाणी अशा चिठ्ठ्याच अडवायला लागले. पाठवणाऱ्याला कळतच नाही. तो तीच जाड थैली पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जाणकार याला कृष्णविवर म्हणतात.

चिरंजीवांनी फोनवरून तिच्याकडून एक साधी चाचणी करून घेतली. 'पिंग' ही आज्ञा, तुकडे करायचे नाहीत अशा अटीसह. आधी १४७२ बाइटचं पाकीट (वरची २८ पत्त्यांची, मिळून १५००). गेलं नाही. मग कमी करत करत जिथे गेलं तो आकडा धरून, त्यातून वेष्टणाची जागा सोडून, व्हीपीएनच्या पाकिटाची मर्यादा १३०० करायची असं ठरलं. लॅपटॉप कंपनीचा, तिला स्वतःला ते बदलण्याची परवानगी नाही. तिने सगळे आकडे एका पत्रात लिहून पाठवले. अकरा दिवसांनी एका अभियंत्याने ते वाचलं आणि पाच मिनिटांत बदल करून दिला. त्या संध्याकाळी फाइल उघडली. प्रोबेशन तीन महिने वाढलं ते वाढलंच. ताकीदपत्रं कुणी मागे घेतली नाहीत. ती अजून त्याच कंपनीत आहे.

मला राग आला तो इथे. १९८० मध्ये १५०० लिहिणाऱ्यांचा किंवा १९९० ची चिठ्ठी लिहिणाऱ्यांचा नाही. त्यांनी आपल्या काळापुरतं चोख काम केलं. पण चाळीस वर्षांचे सांधे जिथे उसवतात तिथे जी माणसं बसलेली असतात, त्यांच्या हजेरीवर त्याची नोंद व्हावी? आपल्याकडे कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना घरून काम द्यायचं तर सरकारी अटी पाळाव्या लागत. मार्च २०२० मध्ये दूरसंचार विभागाने त्यात तात्पुरती सूट दिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अटच काढली. नियम बदलायला आठ महिने लागले. नजर बदलायला किती लागतील कोण जाणे.

तंत्रज्ञ मात्र शिकतात. वायरगार्ड नावाचा नवा बोगदा मार्च २०२० मध्येच लिनक्समध्ये सामील झाला. तो बहुधा १४२० पासूनच सुरुवात करतो, वेष्टणासाठी ऐंशी बाइट आधीच राखून.

आता नातेवाईक मंडळींसाठी, कारण फोन येणारच. व्हीपीएन अडलं तर पहिल्यांदा राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक साधी तार जोडा. दुखणं गेलं तर ते हवेतलं होतं, १९७१ च्या किंवा १९८५ च्या खात्यात. राउटरची जागा बदला, ओव्हनपासून लांब न्या, जमलं तर ५ गिगाहर्ट्झची लहर घ्या. तारेवरही राहिलं तर फोनच्या हॉटस्पॉटवरून लावून बघा. तिथे चाललं तर दारवान किंवा घरची इंटरनेट कंपनी पाहायची. लहान जातं, मोठं अडतं असं असेल तर वरचा पिंगचा प्रयोग. आणि व्हीपीएन लागलं की घरचा प्रिंटर गायब होतो किंवा ऑफिसचं एखादंच यंत्र सापडत नाही, तर दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते आहेत का ते तपासा. खाजगी पत्त्यांची ही वाटणी फेब्रुवारी १९९६ च्या कागदातली, एकच नंबर लाखो घरांत आहे. घरच्या राउटरचा बदलून टाका.

प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि आकडे वहीत लिहून ठेवा. हेल्पडेस्कला तेच पाठवा.