फोल्डरच्या पोटातलं फोल्डर

संगणकाच्या पडद्यावरचं पिवळं फोल्डर अमेरिकी कचेरीतल्या कपाटातून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. चित्रापुरतं ते खरं आहे. पण फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक फोल्डर ही रोजच्या वापरातली मांडणी कुठल्याही कपाटात नव्हती. एकच यंत्र अनेकांनी वाटून घेताना ज्या अडचणी आल्या, त्यांतून ती जन्मली. कपाटाचं चित्र तिच्यावर नंतर चढलं. याची एक खूण आपल्या बोलण्यातच आहे. सरकारी कचेरीत फाइल म्हणजे कागदांचा गठ्ठा: ती अडकते, हलते, साहेबांच्या टेबलावर जाते. संगणकात मात्र फाइल म्हणजे एकच लेख किंवा एकच फोटो, आणि गठ्ठ्याचं नाव फोल्डर. कपाट जसंच्या तसं उचललं असतं तर हा घोळ झाला नसता. 'फाइल' हा शब्द यंत्रांच्या जगात फोल्डरच्या चित्राआधीच रुळला होता; १९५६ साली आयबीएमचा रॅमॅक हा संगणक आला, तेव्हा ५० तबकड्यांच्या त्याच्या साठवणीलाच 'डिस्क फाइल' म्हणत.

ते कपाटही फार जुनं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी व्यापारी पत्रांच्या घड्या घालत, पाठीवर तपशील लिहीत आणि ती छोट्या छोट्या कप्प्यांत खोचून ठेवत. कागद न दुमडता उभा ठेवण्याची सोय लायब्ररी ब्युरोने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडली. मेल्विल ड्यूईने ग्रंथालयांना सामान पुरवण्यासाठी काढलेली ही कंपनी. ग्रंथालयाची कार्डं खणात उभी राहतात, तीच तऱ्हा तिने कचेरीच्या कागदांना लावली. दुमडलेला पुठ्ठा आणि वर डोकावणारी, नाव लिहिलेली पट्टी. शेजारच्याला धक्का न लावता हवा तो पुठ्ठा उचलता येणं, हे त्याचं सगळं सामर्थ्य होतं, आणि त्यासाठी सगळे पुठ्ठे एका रांगेत असणं गरजेचं होतं. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा घातला की पट्टी दिसेनाशी होते.

एकात एक घालण्याची कल्पना आली ती १९६५ मध्ये. एमआयटीचे रॉबर्ट डेली आणि बेल लॅब्जचे पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी साठवणीचा आराखडा मांडला. एमआयटीतल्या आधीच्या, अनेकांनी वाटून वापरायच्या सीटीएसएस या प्रणालीत प्रत्येकाच्या वाट्याला फाइलींची एक सपाट यादी येई. डेली आणि न्यूमन यांनी ठरवलं की यादी, म्हणजे डिरेक्टरी, हीसुद्धा एक फाइलच मानायची. दिसायला लहान, पण सगळं काही इथेच घडलं. यादी फाइल झाली की ती दुसऱ्या यादीत बसू शकते, आणि खोलीला मर्यादाच उरत नाही. दोघांनी आपापल्या फाइलींना एकच नाव दिलं तरी ती भांडत नाहीत, कारण नाव फक्त त्या यादीपुरतं वेगळं असावं लागतं. कोणी काय पाहावं, याची परवानगीही यादीतून यादी फुटत वाढणाऱ्या या झाडाच्या फांदीफांदीवर ठरवता येते. या आराखड्यात पुठ्ठ्याचं चित्र कुठेच नव्हतं. मल्टिक्सवर काम केलेल्या लोकांनीच पुढे युनिक्स लिहिलं, आणि हे झाड सर्वत्र पसरलं.

चित्र आलं १९८१ मध्ये, झेरॉक्सच्या स्टार संगणकावर. चित्र आणि झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत पक्का पुरावा मात्र १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशने दिला. त्याच्या पडद्यावर फोल्डरं दिसत, पण फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच सपाट यादीत असत. म्हणूनच दोन वेगळ्या फोल्डरांतही एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता येत नसत. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी २० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि खरं झाड आणणं भाग पडलं. उलट बाजूचा दाखला फाइली हाताळण्याच्या १९८६ च्या नॉर्टन कमांडर या प्रोग्रामचा: दोन शेजारशेजारच्या चौकटी, त्यांत नुसती नावं, पुठ्ठ्याचं एकही चित्र नाही, तरी लोक त्यात झाडाच्या कितीही खोल फांदीपर्यंत सहज उतरत.

यावर कोणी म्हणेल, कपाटातही कपाट, खण, पुठ्ठा अशा पायऱ्या होत्याच. होत्या, पण प्रत्येक पायरी वेगळ्या जातीची वस्तू होती आणि त्यांची संख्या सुताराने ठरवलेली होती. खणात खण बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शोधयंत्र हाताशी असताना झाडाची गरजच काय? पण २००८ मध्ये ओफर बर्गमन आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा शोधयंत्रं सुधारल्यावरही लोक आपल्या फाइलींकडे मुख्यतः फोल्डरांच्या वाटेनेच जाताना दिसले. नाव विसरलं तरी आपण वस्तू कुठे ठेवली, हे माणसाला आठवतं. एवढं श्रेय चित्राला द्यायला हवं, की ज्यांनी 'डिरेक्टरी' हा शब्द कधी ऐकला नाही, त्यांनाही या झाडावर चढता आलं. विंडोज ९५ ने तो शब्द काढून 'फोल्डर' हा शब्द रूढ केला. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत मात्र नवं फोल्डर करण्याची आज्ञा अजूनही 'एमकेडीर' आहे, आणि त्यातलं 'डीर' डिरेक्टरीचंच आहे.