घरट्यापासून आकाशापर्यंत : ऑटोफोकस आणि पक्षिछायाचित्रणाचा इतिहास

१/९ पक्षिछायाचित्रांचे एखादे जुने पुस्तक उघडा. पानोपानी घरटी, अंडी, पिलांना भरवणारे पक्षी दिसतील. उडता पक्षी मात्र विरळा. ही छायाचित्रकारांची आवड होती की नाइलाज?

२/९ इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कियर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र टिपले. पुढे ते बैलाच्या पोकळ प्रतिकृतीत दडून पक्षी टिपू लागले. घरटेच का? फिल्म मंद होती हे एक कारण. दुसरे असे की, पक्षी घरट्याकडे हमखास परततो. म्हणून अंतर मोजून फोकस आधीच पक्का करता येई.

३/९ या जवळिकीची किंमत मोठी होती. १९३७ मध्ये वेल्समध्ये घरट्याजवळ गेलेल्या एरिक हॉस्किंग यांच्यावर घुबडाने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. पक्ष्यांनाही उपद्रव होत असेच.

४/९ मग दुरून, टेलिफोटो भिंगाने का टिपू नये? गणित पाहा. ६०० मिमी, एफ/४ भिंगातून १० मीटरवरचा पक्षी टिपताना जेमतेम ६ ते ७ सेंटीमीटर खोलीचा पट्टा सुस्पष्ट येतो. पक्षी वीतभर पुढे सरकला की चित्र धूसर.

५/९ हे काम यंत्राकडे हळूहळू गेले. १९७७ मध्ये कोनिका सी३५ एएफ हा साधा कॅमेरा आला, १९८१ मध्ये पेंटॅक्स एमई-एफ हा एसएलआर. खरी क्रांती १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने केली. भिंगाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रतिमांतील अंतरावरून फोकस कोणत्या दिशेला व किती हलवायचा, हे तो चाचपडत न बसता ठरवी.

६/९ तरी पक्षी निसटतच होता. पहिली अडचण वजनाची : मोठ्या भिंगातील जड काचा हलवणार कोण? १९८७ मध्ये कॅननने ३०० मिमी एफ/२.८ भिंगातच अल्ट्रासोनिक मोटर बसवली. दुसरी अडचण वेळेची : ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरून येणारा पक्षी १/२० सेकंदात अर्धा मीटर पुढे येतो. म्हणून १९८८ च्या मिनोल्टा ७०००आय ने पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज बांधायला आरंभ केला.

७/९ तिसरी अडचण सर्वांत चिवट : मधली फांदी. संवेदकाला पक्षी दिसत नसे, केवळ उजेड-अंधाराच्या कडा दिसत. फांदीची कड ठळक असली की फोकस तिच्यावर! त्यावर उपाय दोन : एकच फोकसबिंदू निवडणे आणि भिंगावरील खटक्याने जवळचे अंतर वगळणे.

८/९ २०२० च्या कॅनन ईओएस आर५ आणि २०२१ च्या सोनी अल्फा १ या कॅमेऱ्यांनी चित्रातील पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याचा माग धरला. गर्द पानांत ते आजही फसतात. पण आता त्यांना काय शोधायचे ते ठाऊक असते.

९/९ आधी यंत्राला प्रश्न होता, ‘किती दूर?’, मग ‘पुढच्या क्षणी कुठे?’, आणि आता ‘हे आहे तरी काय?’. प्रत्येक उत्तरासरशी छायाचित्रकार घरट्यापासून दूर उभा राहू शकला. कियर्टन बंधूंना घरट्याजवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला आहे.