पद्मिनीचा हिशेब

जुनी गाडी दुरुस्त करावी की विकावी, हे कोडं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं सोडवलं. कुर्ल्यात बनणारी प्रीमियरची फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, सामान टपावर. इंजिन उतरवून पुन्हा बसवणारा मिस्त्री नाक्यावरच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी नव्हे, रोजच्या धंद्याशी ताडायचा. म्हणून दुरुस्तीच जिंकायची. (मला तरी यात शहाणपण दिसतं!) २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं, सुटे भाग मिळेनासे झाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचीही मुदत भरली. इंजिन धडधाकट आहे का, हे आता कोण विचारणार?