संदेशाची गुप्तता आणि विधिभाषेतील एक वाक्यांश

छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या पित्याच्या नावे वसविलेली जयसिंगपूर ही कोल्हापूर संस्थानातील व्यापारी पेठ. तेथील व्यापारी आज ज्या यंत्रावरून भाव विचारतो, त्याच यंत्रावरून लेखी निरोपही धाडतो. मात्र त्याचे बोलणे आणि संगणकात साठलेला त्याचा निरोप यांचे रक्षण भारतीय कायद्यात एकाच शब्दांनी होत नाही. हा भेद कसा उत्पन्न झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

तारायंत्रविषयक १८८५ च्या अधिनियमातील पाचव्या कलमाने सरकारला तारा अडविण्याचा अधिकार दिला. परंतु सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितार्थच. परकी राजवटीने आपल्या सोयीने योजलेला हा वाक्यांश पुढे नागरिकाच्या उपयोगी पडावा, हे नवलच. यांपैकी एक परिस्थिती असल्याखेरीज दूरध्वनीवरील संभाषण ऐकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचप्रकरणातील तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्माविले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये आला. त्याच्या ६९ व्या कलमात राष्ट्राची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणे आहेत. तो जुना वाक्यांश मात्र नाही. २००८ च्या दुरुस्तीने तर ‘कोणत्याही अपराधाच्या तपासासाठी’ हे कारणही त्यात घातले. मुंबईच्या प्रकरणातील आदेश संगणकीय पत्रव्यवहाराविषयी असते, तर ही अट कलमातून वाचून दाखविता आली नसती. २००९ च्या नियमांनी लेखी आदेश व पुनर्विलोकन समिती यांची तरतूद केली हे खरे. परंतु समितीवर शासनाचे सचिवच बसतात.

२०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि राज्याच्या हस्तक्षेपास प्रमाणबद्धतेची कसोटी लावली. कलमातील उणीव त्यामुळे काही अंशी भरून निघते; तथापि ही कसोटी न्यायालयात जाणाऱ्यासाठीच आहे, आणि ज्याचा निरोप गुपचूप वाचला जातो त्याला त्याची वार्ताही नसते. दरम्यान, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संगणकव्यवहाराच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन सेवादात्यांवर आले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ चा वाक्यांश विसाव्या कलमात जपला. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या सतराव्या कलमाने मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्या अधिनियमातून सूट देण्याची मुभा दिली.